परड्यात गिनीपिगसाठी जाळीचा पिंजरा: बेळगाव भागात कसा करून घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात टिळकवाडीला घर, मागे पंधरा बाय वीस फुटांचं परडं, त्यात हरळी, एक आंबा आणि कडेला थोडी फुलझाडं. घरात दोन गिनीपिग माद्या आहेत आणि त्यांना रोज थोडा वेळ गवतात सोडायचं आहे. शेजारची मांजरं कंपाउंडवरून येतात, अधूनमधून मुंगूसही दिसतं. तर ऑनलाइन मिळणारं घडीचं जाळीचं कुंपण घ्यावं, बाजारात सशासाठी मिळतो तो पिंजरा घ्यावा, की फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा?

करून घ्या. गिनीपिग बीळ खणत नाही, जाळी चढत नाही आणि फूटभर उंचीच्या पलीकडे उडी मारणं त्याला जमत नाही. त्याला आत ठेवणं अगदी सोपं, आणि घडीची कुंपणं तेवढ्याच कामासाठी बनवलेली असतात. आपल्याकडे खरा धोका आहे तो बाहेरून आत येणाऱ्यांचा: मांजर, भटकं कुत्रं, मुंगूस, घूस, घार, शिक्रा, धामण, आणि खानापूर-जांबोटीकडे माकडंसुद्धा. म्हणून पिंजरा बघताना "हा पळून जाईल का" हे विचारू नका. "कोण आत शिरेल आणि कुठून" हे विचारा.

या कसोटीला घडीचं कुंपण लगेच नापास होतं. वरून उघडं, तारांमधली फट दीड इंचाच्या आसपास, कोपरे प्लास्टिकच्या चापांनी अडकवलेले. कुत्र्यानं एकदा अंग टाकलं की चाप सुटतात. कापडी तंबूसारखी घरं मिळतात, त्यांची जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. घरात, हॉलमध्ये, डोळ्यांसमोर वापरायला दोन्ही चालतील, परड्यात नकोत. सशाचा पिंजरा बहुधा पायांवर उभा असतो आणि त्याचा तळ तारेचा असतो. गिनीपिगच्या तळपायाला केस नसतात, कातडी मऊ असते. तारेवर उभं राहून तळव्याला आधी लाली येते, मग फोड, मग आत पू. हा आजार बरा व्हायला महिने लागतात आणि कधी कधी हाडापर्यंत जातो. लाकडी तिकोनी घरं फोटोत छान दिसतात, पण त्यांच्या उतरत्या भिंतींखालची जागा जनावराला वापरताच येत नाही. शिवाय आपल्या तांबड्या मातीत टेकलेल्या लाकडाला एका पावसाळ्यात वाळवी लागते.

आता माप. दोन गिनीपिगसाठी सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. याहून लहान केला तर ती एका कोपऱ्यात बसून राहतात, धावत नाहीत, आणि मग बाहेर काढण्याला अर्थ उरत नाही. उंची वाढवून काही मिळत नाही, वजन मात्र वाढतं. तिसरं जनावर येणार असेल तर लांबी आठ फूट करा.

सांगाडा एक इंची चौकोनी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा, १८ गेज. सहा बाय चार बाय दीडच्या खोक्याला ४६ फूट पाइप लागतो. मधोमध वरून एक आडवा आणि त्याखाली दोन उभे आधार द्यायचे, त्याचे ७ फूट. वरचा अर्धा भाग जाळी मारून कायमचा बंद ठेवायचा आणि उरलेल्या तीन बाय चारच्या भागाला बिजागरीचं झाकण, त्याच्या चौकटीचे १४ फूट. एकूण ६७. पाइप २० फुटी लांबीत येतो, म्हणजे चार नग सांगा. संपूर्ण छत उघडणारं करू नका. झाकण जितकं मोठं तितकं ते झोल खातं आणि कडेला फट राहते.

जाळी वेल्डेड मेश, अर्ध्या इंचाचा चौकोन, तार निदान एक मिलिमीटर जाड. षटकोनी कोंबडी जाळी मागू नका. ती कोंबडी आत ठेवायला ठीक, पण कुत्रं ती दातानं फाडतं. एक इंची चौकोनातून मांजराचा पंजा आत जातो, आणि भिंतीला टेकून बसलेलं गिनीपिग त्या पंजाच्या टप्प्यात येतं. पाऊण इंचाच्या भोकातून उंदीर शिरतो. अर्ध्या इंचातून कोवळं सापाचं पिल्लू येऊ शकतं, हे खरं आहे, आणि विषारी असेल तर तेही चावतं. पण गिनीपिग गिळू शकेल एवढी धामण किंवा घोणस अडते. बाकीचं काम आसपासची जागा स्वच्छ ठेवण्याचं. रचलेल्या विटा, लाकडं, नारळाच्या झावळ्यांचा ढीग पिंजऱ्याच्या जवळ नको.

जाळी किती घ्यायची? तीन फूट रुंदीच्या गुंडाळीतली २३ फूट आणि चार फूट रुंदीची ७ फूट. तीन फुटीतला २० फुटांचा पट्टा लांबीनं मधोमध काटकोनात वाकवा. अर्धा भाग, म्हणजे दीड फूट, भिंत होते. उरलेला दीड फूट जमिनीवर बाहेरच्या बाजूनं आडवा पसरतो. या आडव्या पट्ट्यावरच सगळी मदार आहे. मुंगूस असो की घूस, उकरायला सुरुवात ते भिंतीच्या बुडाशीच करतात. नखं जाळीला अडकली की थोडं बाजूला सरकून पुन्हा भिंतीलाच भिडतात. दीड फूट मागे जाऊन तिथून बोगदा काढायचं त्यांना सुचत नाही. राहिलेल्या तीन फुटांतून दीड-दीड फुटाचे चार तुकडे निघतात, ते चार कोपऱ्यांना. कोपरे उघडे सोडले तर पट्टा टाकून उपयोग नाही. चार फुटी जाळी छताला आणि झाकणाला, त्यात वरचा एक फूट कापणीला. पट्ट्यावर दर दोन फुटांनी एक जांभ्या चिऱ्याचा तुकडा ठेवा म्हणजे तो उचलला जाणार नाही.

फॅब्रिकेशनवाल्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्या लागतात, नाहीतर तो आपल्या सवयीनं करतो. पहिली, जाळी सांगाड्याच्या बाहेरून लावायची. कुत्र्यानं ढकललं तर जाळी पाइपवर दाबली जाते. आतून लावली तर तोच धक्का तिला पाइपपासून सोडवतो. दुसरी, जाळी बाइंडिंग वायरनं बांधायची नाही आणि थेट वेल्डही करायची नाही. बांधलेली तार गंजून एका पावसाळ्यात तुटते. एक मिलिमीटरची तार वेल्डिंगच्या उष्णतेनं जळते आणि वर्षभरात तिथूनच सुटते. जाळीवर वीस मिलिमीटर रुंद सपाट पट्टी ठेवून दर सहा इंचांवर सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारायचा. अशी पट्टी साधारण ७० फूट लागेल. उद्यमबागेत किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत हे काम करणारे पुष्कळ आहेत. मापं कागदावर फूट-इंचात काढून द्या. तोंडी सांगितलेल्या मापात दीडचे दोन होतात.

वेल्डिंगच्या सांध्यावरचा जस्ताचा थर जळालेला असतो, तिथे झिंक स्प्रे मारून घ्या. रंग द्यायचाच असेल तर बाहेरून द्या आणि आठवडाभर उन्हात वाळू द्या. गिनीपिग दात झिजवायला जे समोर येईल ते कुरतडतं. घरी आणल्यावर आतून सगळीकडे हात फिरवा. टोकदार तार लागली की कानस मारा. गिनीपिगचे डोळे बाजूला आणि थोडे बाहेर आलेले असतात, घाबरून धावताना भिंतीला घासत जातं, आणि बुबुळाला पडलेला एक ओरखडा डोळा घालवतो.

झाकणाला नुसता आकडा चालत नाही. कुत्रं नाकानं उचलतं, माकड हातानं. दोन टॉवर बोल्ट, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि माकडांचा वावर असेल तर लहानसं कुलूप. मग परीक्षा घ्या: झाकणावर २५ किलोचं तांदळाचं पोतं दहा मिनिटं ठेवा. भटकं कुत्रं उडी मारून वर उभं राहिलं तर तेवढाच भार येतो. झाकण वाकलं, बोल्ट सरकला किंवा कडेला बोट जाईल एवढी फट झाली तर पिंजरा परत न्या.

आता जागा. इथे बहुतेक जण भिंतीची सावली बघून जागा ठरवतात, आणि तिथेच चूक होते. बेळगाव साधारण १५.८५ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, भिंतीची सावली भिंतीच्या पायाशी संपते. तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरात घराच्या उत्तरेची जी बाजू दिवसभर थंड असते, तिथेच मे-जूनमध्ये दुपारी ऊन पडतं. जागा हिवाळ्यात ठरवली आणि उन्हाळ्यात तशीच ठेवली तर जनावर उन्हात अडकतं, आणि त्याला पळायला जागा नसते.

म्हणून सावली पिंजऱ्यालाच जोडलेली हवी. छताचा कायम बंद असलेला अर्धा भाग ७५ टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटनं झाका, जाळीपासून चार इंच वर, म्हणजे मधून वारा खेळतो. त्याच भागाच्या पश्चिमेच्या भिंतीवरही नेटचा एक पडदा सोडा. चारनंतरचं तिरकं ऊन तिथूनच आत येतं. पत्रा टाकू नका, तो तापून खाली उष्णता फेकतो. ताडपत्री वारा कोंडते. तुमचा आंबा सावलीला चांगला, पण पिंजरा फांदीच्या थेट खाली नको: मांजर फांदीवरून छतावर उतरतं, आणि मेमध्ये पडलेल्या आंब्यांवर माश्या आणि मुंगळे जमतात. नारळाखाली तर कधीच नको. झावळी पडली तरी छत बसतं.

उन्हाचा नियम सरळ आहे. पिंजऱ्याच्या आत, जमिनीपासून चार बोटं वर, सावलीत थर्मामीटर टांगा. १८ ते २४ अंशांत गिनीपिग सुखात असतं. २८ झालं की आत न्यायचं, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. त्याला माणसासारखा घाम येत नाही आणि ते कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करू शकत नाही. बेळगाव शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी दव वाळल्यावर, नऊ-साडेनऊपासून दुपारपर्यंत सोडता येतं. मार्च ते मे सकाळी सात ते नऊ, फार तर संध्याकाळी पाचनंतर तासभर, तेही थर्मामीटर बघून. अथणी-रायबागकडे पारा चाळिशीला जातो, तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी जमीनच तापलेली असते. सकाळचीच वेळ धरा. त्या भागात आणखी एक गोष्ट: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पिंजऱ्याच्या चौकटीखालून आत जातात आणि उंदीर, साप त्याच वाटेनं येतात. पिंजरा ठेवायच्या जागी मुरूम टाकून धुमसून घ्या, वर दोन-तीन इंच तांबडी माती टाकून हरळी लावा.

ऊन लागल्याची खूण अशी: जनावर एका कुशीवर लांब होऊन पडतं, तोंडाशी लाळ, कान गरम आणि लाल, श्वास उथळ आणि भराभर. लगेच सावलीत न्या, कान आणि पाय साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा, पंखा लावा, आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानंच जातं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बाहेर सोडायचा विचारच सोडून द्या, आणि खानापूर-कणकुंबीच्या बाजूला तर ऑक्टोबरातही गवत वाळलेलं आहे का ते हात लावून बघा. ओल्या गवतात तळवे भिजून सुजतात, कातडीला बुरशी लागते, थंडी छातीत जाते. सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या बाजूला ओल किंवा लेंडी चिकटली की माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. त्या जिवंत मांस खातात. पावसाळ्यात रोज दोनदा उलटं करून बघा. हाच पिंजरा पडवीत आणून ठेवता येतो. खाली फरशीवर तीन इंच कोरडं पिंजर, म्हणजे भाताचं सुकं गवत, रोज ओला भाग काढून टाकायचा. पिंजराला कुबट वास आला तर तो ढीग वापरू नका, त्यात बुरशी असते. भाताचं तूस अंथरूण म्हणून टाकू नका. ते डोळ्यात आणि नाकात जातं. पडवीतही झाकण बंदच ठेवायचं, मांजर तिथेही येतं.

पिंजरा ठेवण्याआधी परडं एकदा चालून बघा. कण्हेर (पिवळीसुद्धा), घाणेरी, धोतरा, रुई, काँग्रेस गवत आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू जाळीपासून निदान तीन फूट लांब हवा. फांदी वाऱ्यानं जाळीला लागली तरी ती ओढून खातात. टोमॅटो-बटाट्याचा पालाही विषारी. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांसाठी खास: तंबाखूची काडी किंवा चुरा झाडांना खत म्हणून किंवा कीड जावी म्हणून टाकायची पद्धत आहे. असल्या वाफ्यात गिनीपिग सोडू नका, निकोटिन थोडंही त्याला जड जातं. बांधावर तणनाशक मारलेलं असेल किंवा घरात उंदरांचं औषध ठेवलं असेल तर तो हंगाम ती जागा बंद. गल्लीत डासांसाठी धूर मारायची गाडी आली की जनावरं आधी आत.

गवताची सवय हळूहळू लावा. आतापर्यंत सुकं गवत खाणारं जनावर पहिल्याच दिवशी तासभर हिरवं खाईल तर पोट फुगतं, आणि फुगलेलं पोट गिनीपिगमध्ये जिवावर बेततं. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं, मग आठ-दहा दिवसांत वाढवत तासावर न्या. बाहेर न्यायच्या आधी सुक्या गवताचं पोट भरलेलं असू द्या. मशीननं कापून ढीग केलेलं गवत देऊ नका, ते तासाभरात गरम होऊन आंबतं. हिरवं गवत मिळालं म्हणून क जीवनसत्त्वाची सोय बंद करायची नाही. माणसाप्रमाणे त्याचं शरीरही ते बनवत नाही. ढोबळी मिरचीची एक फोड आणि थोडी कोथिंबीर रोज चालू ठेवा.

आत लपायला जागा जनावरांपेक्षा एक जास्त, म्हणजे तुमच्याकडे तीन. प्रत्येकाला दोन तोंडं. घारीची सावली सरकली की दोघी एकाच भोकात घुसतात, आणि एकच तोंड असेल तर दबणारी बाहेर राहते. सहा इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर लांबीचे तुकडे उत्तम. चार इंचीत किलोभराची मादी अडकते. एक लाकडी खोकं झाकणाच्या बाजूला ठेवा. आत न्यायच्या वेळी हळूच त्या बाजूला हाकलायचं, ती खोक्यात शिरली की तोंडावर पुठ्ठा लावून खोक्यासकट उचलायचं. हातानं पाठलाग करून पकडलं तर दुसऱ्या दिवसापासून तुम्हीच घार. पाणी सावलीत, एक बाटली आणि एक मातीचं पसरट भांडं. बाटलीची नळी तापली किंवा अडकली तरी दुसरं असतं.

मुंगूस आणि घार दोन्ही दिवसा शिकार करतात, त्यामुळे "दिवसा काही होत नाही" हा समज इथे खोटा आहे. घरात कुणीतरी, हाकेच्या अंतरावर, जागं हवं. दिवेलागणीच्या आधी आत. रात्री बाहेर कधीच नाही, पिंजरा कितीही भक्कम असला तरी, कारण कुत्रं नुसतं भोवती फिरून भुंकलं तरी गिनीपिग भीतीनं मरू शकतं. आत आणायच्या वेळी कानामागे आणि काखेत गोचीड आहे का बघा. सापडली तर कुत्र्याचं गोचिडाचं औषध लावू नका, चिमट्यानं ओढून काढा.

आणि मांजराचा दात किंवा नख लागलंच, अगदी टोचल्याएवढं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कातडीवर ठिपका दिसतो आणि आत पू धरतो. ससे-गिनीपिग बघणारे डॉक्टर कोण, हे आजच फोन करून विचारून ठेवा. घरातल्या पट्टीतली अमॉक्सिसिलिनची गोळी कुटून देऊ नका. पेनिसिलिन घराण्याची औषधं तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, जुलाब लागतात आणि जखमेनं नाही तर औषधानं जनावर जातं.